घरी असलेल्या आईचे प्रश्न: बडोद्यातल्या मराठी घरांसाठी

हे प्रश्न मला गेल्या पाच-सहा वर्षांत जिन्यात, बागेतल्या बाकावर, हळदीकुंकवाला आणि रात्री अकराला फोनवर विचारले गेले. विचारणाऱ्या काही जणी लग्न होऊन पुण्या-नाशिककडून बडोद्याला आलेल्या, काही इथेच वाढून बाळंतपणानंतर नोकरी सोडलेल्या. मी दुसऱ्या गटातली, आधी एका ऑफिसात हिशेब बघायचे. सासरचं जुनं घर दांडिया बाजारात आहे, आम्ही चौघं समा भागात पहिल्या मजल्यावर राहतो. मोठी सहा वर्षांची, धाकटा अडीच.

दिवसभर घरीच असतेस, मग वेळ जातो कुठे?

हा प्रश्न आया विचारत नाहीत, आयांना विचारला जातो. पण उत्तर हाताशी असावं म्हणून आधी घेतला.

२०१९ साली देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने लोकांचा वेळ कशात जातो याची मोठी पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं, आणि असे पुरुष शंभरात सव्वीसच्या आसपास. मुलं, म्हातारी माणसं सांभाळण्याचा वेळ वेगळा मोजला होता: बायकांचा १३४ मिनिटं, पुरुषांचा ७६.

आकड्यांत एक गोष्ट येत नाही. हे तास सलग नसतात. कणीक भिजवायला घ्यावी तर धाकट्याला शी होते, हात धुऊन त्याला धुवावं तर मोठीला पेन्सिलीला टोक हवं असतं, परत यावं तर कणीक वाळलेली. दमवतं ते हे तुटणं. ऑफिसात मी आठ तास आकडे जुळवायचे आणि घरी येताना डोकं रिकामं व्हायचं. इथे ते होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये एका अपघाताच्या खटल्यात सांगितलं की भरपाई ठरवताना गृहिणीच्या कामाचं मोल पैशात धरलंच पाहिजे, ती काही करत नव्हती असं मानता येणार नाही. मी ही गोष्ट सासरी जेवताना सांगितली. सासरे थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग तुझ्या नावावर काय काय आहे, ते एकदा बघूया." ते पुढे पैशांच्या प्रश्नात येईल.

लहान मुलं असताना दिवसाचं वेळापत्रक कसं बसवायचं?

तासातासाचं बसत नाही. मी भिंतीला तक्ता लावला होता. दुसऱ्याच आठवड्यात धाकट्याला दात येऊ लागले आणि तक्त्यातली एकही ओळ खरी राहिली नाही. तेव्हापासून मी खुंट्यांवर आले. दिवसात तीन खुंट्या पक्क्या ठोकायच्या, त्या कोणासाठीही हलवायच्या नाहीत. बाकीचा दिवस त्यांना जसा अडकेल तसा अडकेल.

माझी पहिली खुंटी पाण्याची. बडोद्यात नळाला ठरल्या वेळीच पाणी येतं, कुठे सकाळी, कुठे संध्याकाळी. आमच्याकडे सकाळी. तेवढ्या वेळात पिण्याचं भरणं, मुलांच्या आंघोळी आणि धुणं. पोळ्या नाहीत, फोन नाही. शहराला पाणी येतं ते महीच्या पात्रातल्या विहिरींतून आणि सयाजीरावांच्या काळात बांधलेल्या आजव्याच्या सरोवरातून. लाइनीचं काम निघालं की एक वेळ चुकते, म्हणून लहान मुलांच्या घरात एका दिवसाचं पाणी शिलकीत असावंच.

दुसरी खुंटी दुपारची झोप, एक ते तीन. मे महिन्यात बडोद्याचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, तेव्हा त्या वेळी बाहेर नेण्यासारखं काही नसतंच. पडदे ओढायचे, पंख्याखाली सतरंजी टाकायची. मोठी आता झोपत नाही, पण पडून राहते आणि चित्रं बघते. सुरुवातीचे पंधरा दिवस ती उठून बसायची, मग सवय झाली.

तिसरी खुंटी संध्याकाळी बाहेर पडण्याची. हिवाळ्यात पाचला, उन्हाळ्यात साडेसहाला. बाग नसेल तर सोसायटीचं आवार, तेही नसेल तर कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची. पण उंबरा ओलांडायचा. ज्या दिवशी ही खुंटी निसटते त्या दिवशी रात्री मुलं झोपायला दहा वाजवतात, आणि माझाही आवाज चढलेला असतो. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की पाहुणे आले तरी त्यांना बरोबर घेऊन निघते.

मूल झोपलं की कामं उरकावीत की आपणही झोपावं?

रात्री दोनदा-तीनदा उठावं लागत असेल तर झोपावं. भांडी थांबतात.

मुलांना खायला काय द्यायचं? रोज वेगळं सुचत नाही.

रोज वेगळं लागतच नाही, ते आपल्याला लागतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, नंतर मऊ भात, वरण, तूप, कुस्करलेलं केळं, शिजवलेला भोपळा. वर्षानंतर घरात शिजतं तेच, तिखट कमी. मेतकूट-भात आणि कढी-खिचडी यांवर माझी दोन्ही मुलं वाढली. बडोद्यात असल्याचा फायदा म्हणजे मुठिया आणि हांडवो. दुधी, मेथी, कोबी, जे मूल ताटात बाजूला सारतं ते त्यात जातं आणि खाल्लं जातं. खाखरा प्रवासाला उत्तम, पण दाढा येईपर्यंत तो दुधात बुडवूनच द्या. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं पाच वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, घशात अडकतात.

घरात मराठी, जिन्यात गुजराती, टीव्हीवर हिंदी, शाळेत इंग्रजी. मूल गोंधळणार नाही का?

मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच, आणि माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचाही.

नाही, गोंधळत नाही. ते मिसळतं, पण मिसळणं आणि गोंधळणं वेगळं. माझी मुलगी दोन वर्षांची असताना म्हणायची, "आई, माझी ढिंगली पेल्या खोलीत आहे." ढिंगली गुजराती, पेली गुजराती, बाकी वाक्य मराठी, आणि व्याकरण बरोबर. एकदा खिडकीतून ओरडली, "आजी, झाडावर चकली बसलीय!" माझ्या आईला क्षणभर काहीच कळेना. गुजरातीत चकली म्हणजे चिमणी. आईने ती गोष्ट आठवडाभर सगळ्यांना सांगितली, आणि मुलीला त्या आठवड्यात कळलं की आजीच्या चकलीला काटे असतात, बागेतल्या चकलीला पंख. दोन्ही शब्द तिच्याकडे राहिले.

मी जे करते ते सांगते. आम्ही दोघं मुलांशी मराठीतच बोलतो, दुकानात असलो तरी, समोर गुजराती मासी उभ्या असल्या तरी. त्यांना आधी एकदा सांगून ठेवलंय, त्यामुळे कोणाला वाईट वाटत नाही. मुलाने गुजराती शब्द घातला तर रागावत नाही, तेच वाक्य मराठी शब्दासह परत म्हणते. "पेल्या खोलीत? हो, त्या खोलीत आहे तुझी बाहुली." एवढंच. दुरुस्ती झाली हे त्याला कळतही नाही. "मराठीत बोल!" असं दरडावलं की मूल मराठीत बोलायचंच टाळतं, हे मी जवळच्या एका घरात पाहिलंय.

आणि गुजराती अडवू नका. ती त्यांच्या मित्रांची भाषा आहे, त्यांच्या गावाची भाषा आहे. २०२३ च्या कायद्याने गुजरातमधल्या सगळ्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती शिकवणं सक्तीचं आहे, बोर्ड कुठलंही असो. मुलगी शाळेत गेली तेव्हा गुजराती तिला पाठ्यपुस्तकातून नाही, जिन्यातून आलेली होती, आणि त्याचा तिला फार उपयोग झाला. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून एक बारा वर्षांचा मुलगा या शहरात दत्तक आला. त्याला इथे मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी शिकवल्या गेल्या. तो पुढे सयाजीराव महाराज झाला आणि १९०६ मध्ये त्याने राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. नाशिकहून आलेल्या सुनेने चार भाषांचं ओझं वाटून घ्यायचं कारण नाही.

एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवा. दोन वर्षांच्या मुलाचे शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मिळून मोजा. दोन वर्षं पूर्ण होऊनही कुठल्याच भाषेत दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा हाक मारल्यावर वळत नसेल, तर "घरात जास्त भाषा आहेत म्हणून" असं म्हणून थांबू नका. भाषा जास्त असल्याने बोलणं अडत नाही. आधी कान तपासून घ्या.

मराठी वाचायला कधी शिकवावं? शाळेत तर गुजराती अक्षरं आहेत.

आम्ही पाच वर्षांनंतर सुरू केलं, गुजरातीच्या बरोबरच. ग, घ, त, न, म, प, र ही अक्षरं जवळपास तीच, फक्त गुजरातीत डोक्यावरची रेघ नाही. क, ख, ज, ब, भ वेगळी. 'ए' लिहिताना गुजरातीत 'अ'वर मात्रा देतात, त्यामुळे मुलगी काही दिवस 'एक'सुद्धा तसाच लिहायची. गुजराती पाचचा आकडा 'प'सारखा दिसतो, तिथेही अडखळली. तिला सांगितलं, "मराठी अक्षरं दोरीवर वाळत घातलेली असतात, गुजराती अक्षरं जमिनीवर उभी असतात." त्यानंतर चूक झाली तर ती स्वतःच म्हणते, "दोरी राहिली."

पुस्तकांसाठी मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १९१० च्या सुमाराला सयाजीरावांनी अमेरिकेहून ग्रंथपाल बोलावून राज्यभर ग्रंथालयं उभी केली, खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या, त्या कामाचं हे केंद्र. तिथे मराठीचं कपाट बघितल्यावर मुलीने विचारलं, "ही सगळी आपल्या भाषेतली?" त्या दिवशी तिने दोन पुस्तकं मांडीवर घेऊन रिक्षात बसून घरी आणली.

बालवाडीत कधी घालावं? घरी असताना घालायची गरज आहे का?

गुजरातमध्ये २०२३-२४ पासून पहिलीत जायला १ जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात, आणि त्याआधीच्या वर्षाला बालवाटिका आहे. म्हणजे घाई करून अडीच वर्षांच्या मुलाला घातलं तरी पहिली लवकर येत नाही. तारीख बघून उलटं मोजा.

आई घरी आहे म्हणून बालवाडी नको, हे मला पटत नाही. तीन वर्षांनंतर मुलाला दुसरी मुलं लागतात आणि आईला तीन तास. पण कुठली, ते बघून घ्या. आम्ही आमच्या मुलीला पहिल्यांदा एका नावाजलेल्या ठिकाणी घातलं होतं. तिथे साडेतीन वर्षांच्या मुलांना चार रेघी वहीत पानं भरायला लावायचे. महिन्याभरात ती सकाळी पोट दुखतंय म्हणायला लागली. आम्ही भरलेली फी सोडून तिला काढली. पुढची बालवाडी साधी होती, पण आवारात वाळू होती, पाणी होतं, आणि बाई खाली बसून मुलांशी बोलायच्या. पोट दुखायचं थांबलं.

याबाबत गुजराती आणि मराठी मिळून आपल्याला मोठा वारसा आहे. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर तिथे काम करत होत्या, आणि तेच काम त्यांनी पुढे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी-कोसबाडला नेलं. भीती नाही, शिक्षा नाही, हाताने करून शिकणं, हे त्यांचं सांगणं. इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पूर्वीच्या गृहविज्ञान शाखेची चेतन बालवाडीही आहे, मुलांचा अभ्यास करणाऱ्या विभागाने चालवलेली. कुठेही जा, पण प्रवेशाआधी अर्धा तास आत बसू द्याल का, असं विचारा. नाही म्हणाले तर पुढचं दार बघा.

मोबाईल किती वेळ?

जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ चं सांगणं असं: दोन वर्षांपर्यंत स्क्रीनसमोर बसवूच नये, दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाहून जास्त नाही, कमी तर बरं. माझ्याकडे रोज ते पाळलं जातं असं नाही. मी आजारी असले की जास्त होतं. पण दोन गोष्टी पक्क्या ठेवल्या आहेत: जेवताना नाही, आणि झोपण्याआधीच्या तासात नाही. दुसरी सोडली की अर्धा-पाऊण तास झोप पुढे जाते. तीन-चार वर्षांच्या मुलाला डुलक्या धरून १० ते १३ तास झोप लागते, ती कापून मोबाईल देण्यात आपलाच तोटा होतो. सकाळी चिडलेलं मूल आपल्यालाच सांभाळायचं असतं.

लस, ताप, जुलाब: घरात काय माहीत असायला हवं?

ममता कार्ड, म्हणजे लशींची नोंद असलेलं सरकारी कार्ड, हरवू नका. पासपोर्टच्या जागी ठेवा आणि फोटो काढून ठेवा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशी सगळ्यांना आठवतात. विसरतात त्या नंतरच्या: नऊ महिने पूर्ण झाल्यावरची गोवर-रुबेलाची, तिचाच दुसरा डोस आणि बूस्टर सोळा ते चोवीस महिन्यांत, आणि पाच ते सहा वर्षांतला बूस्टर. सरकारी केंद्रावर ममता दिवस बहुधा बुधवारी असतो आणि या लशी तिथे फुकट मिळतात.

जुलाब लागले की ओआरएस. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच, मोठं पाकीट एक लिटरमध्ये. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकू नका. बरोबर झिंकच्या गोळ्या चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. सहा महिन्यांवरच्या बाळाला २० मिलिग्रॅम. स्तनपान चालू ठेवायचं. बाळ सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी सहा-आठ तास झाली नाही, तर घरचे उपाय थांबवून निघायचं. रुग्णवाहिकेचा नंबर १०८.

पावसाळ्यात विश्वामित्री नदी चढली तर मुलांना घेऊन काय करायचं?

२०२४ च्या आधी मी या प्रश्नाला "काही होत नाही" म्हणाले असते.

त्या वर्षी २६ ऑगस्टला जन्माष्टमी होती. मुलीला राधेचा पोशाख घातला होता, आणि पाऊस थांबायचं नाव घेईना. दुसऱ्या दिवशी सकाळी आवारात घोटाभर पाणी होतं, दुपारी दुचाकींच्या सीटपर्यंत. विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली होती. तळमजल्यावरचं कुटुंब आमच्याकडे आलं, त्यांच्यात एक चार महिन्यांचं बाळ. वीज गेली ती अडीच दिवस. पंपाला वीज नाही म्हणजे टाकीत पाणी नाही, फ्रिजमधलं दूध नासलं, फोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंद पडला. दोन बायका, तीन मुलं, दोन आज्या, आणि एक गॅस. त्या चार महिन्यांच्या बाळाची आई घाबरून सारखी विचारत होती, "मला दूध येणं थांबलं तर?" आम्ही तिला आधी जेवायला बसवायचो, पाणी द्यायचो, तिच्या बाळाला घेऊन फिरायचो. दूध थांबलं नाही.

तेव्हापासून १५ जूनला आमच्या माळ्यावरची एक बादली भरली जाते. झाकणाची, प्लास्टिकची. त्यात दुधाची पावडर, पोहे, चुरमुरे, खाखरे, गूळ-शेंगदाणे, ओआरएसची सहा पाकिटं, तापाचं औषध आणि ते मोजायचा चमचा, डायपर, सॅनिटरी पॅड, मेणबत्त्या, काडेपेटी, चार्ज केलेली पॉवर बँक, सुती लंगोट, आणि एक पत्त्यांचा जोड. पत्ते हसण्यावारी नेऊ नका, अंधारात सहा वर्षांच्या मुलाचा दिवस त्याच्यावर जातो. कागदपत्रं, ममता कार्ड, सोनं असेल ते सर्वांत वरच्या फळीवर. तळमजल्यावर राहत असाल तर गॅसचं सिलेंडर बांधून ठेवा, तरंगतं.

मुलांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: साचलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही, अगदी पायरीवरूनही नाही. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि पुरात त्या वस्त्यांमध्ये येतात, त्या वर्षीही आल्या होत्या. शिवाय उघडी गटारं आणि विजेच्या तारा. पाणी ओसरल्यावर दोन आठवडे पिण्याचं पाणी उकळूनच.

संक्रांतीला बोरन्हाण करायचं, आणि त्याच दिवशी सगळं गाव पतंग उडवायला गच्चीवर. दोन्ही कसं जमवायचं?

बोरन्हाण १४ जानेवारीलाच हवं असं नाही, रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. आम्ही पुढच्या रविवारी करतो, म्हणजे गुजराती शेजारणीही त्यांची मुलं घेऊन येतात. मागच्या वर्षी एका मासींनी हलव्याचे दागिने पहिल्यांदा पाहिले आणि बाळाचा मुकुट स्वतःच्या हाताने बांधला. बोरं, उसाचे तुकडे, हरभरे डोक्यावरून ओतले की लहान मुलं ते लगेच तोंडात घालतात, म्हणून एक मोठी मुलगी फक्त त्यावर नजर ठेवायला बसवा. आम्ही आता चुरमुरे जास्त आणि बोरं कमी घेतो.

१४ आणि १५ला गच्चीवर कठडा कमरेइतका असेल तरच मुलांना न्या, आणि एक मोठं माणूस पतंग न उडवता फक्त मुलांकडे बघणारं हवं. पाळीपाळीने. स्कूटरवर मुलाला पुढे उभं करू नका, महिनाभर आधीपासून नको. मांजा आधी त्याच्या गळ्याशी येतो. गाडीला पुढे तारेची कमान बसवून घ्या, आणि शक्य असेल तर त्या दोन दिवसांत रिक्षाने जा.

नवऱ्याकडे पैसे मागायला संकोच वाटतो. काय करू?

मागावं लागू नये अशी व्यवस्था करा. संकोच स्वभावाचा नसतो, व्यवस्थेचा असतो. मी चौदा महिने भाजीपासून डायपरपर्यंत प्रत्येक वेळी सांगून पैसे घेतले. नवऱ्याने एकदाही नाही म्हटलं नाही. तरी स्वतःसाठी चप्पल घ्यायला मी तीन महिने लावले.

सासऱ्यांनी तो विषय काढला त्या रविवारी आम्ही सगळे कागद घेऊन बसलो. ठरलं ते असं. घरखर्चाची रक्कम महिन्याच्या एक तारखेला माझ्या खात्यात येते, न सांगता, पगारासारखी. त्याशिवाय एक लहान रक्कम फक्त माझी, तिचा हिशेब कोणी विचारत नाही. माझ्या नावाचं पीपीएफ खातं: वर्षाला किमान ५०० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख, पंधरा वर्षांची मुदत. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशावरचं व्याज एरवी त्याच्याच उत्पन्नात धरलं जातं, पण पीपीएफचं व्याज करमुक्त असल्याने तो प्रश्न येत नाही. मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धी: ती दहा वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं, २५० रुपयांपासून, पंधरा वर्षं भरायचं, खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी पैसे मिळतात.

नोकरी सोडलेली असेल तर पीएफ घाईने काढू नका. यूएएन (पीएफ खात्याचा ओळख क्रमांक), त्याला जोडलेला मोबाईल आणि नॉमिनी तपासा. माझ्या पीएफला नॉमिनी म्हणून लग्नाआधी दिलेलं नाव तसंच होतं. नवऱ्याचा विमा कुठे आहे, हप्ता कधी आहे, पासवर्ड कुठे लिहिलेत हे तुम्हाला माहीत हवं. आमच्या घरी ती वही आता देवघराच्या खणात असते.

नवऱ्याने मदत करावी असं वाटतं, पण सांगितल्याशिवाय करत नाही.

मदत मागू नका, अख्खं काम सोपवा. "जरा त्याला बघ" याने काहीच हलत नाही. आमच्याकडे रात्रीची आंघोळ, दात घासणं, गोष्ट आणि झोप हे पूर्ण त्याचं आहे. टॉवेल कुठे आहे हे मी सांगत नाही आणि मूल नीट पुसलं का हे बघायला जात नाही. पहिला महिना मला स्वयंपाकघरात हात बांधून बसावं लागलं. आता धाकटा झोपायला बाबाकडेच जातो.

सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी असं नव्हतं. वाद कसा टाळू?

सगळे वाद टाळायचे नसतात. मी दोन याद्या केल्या. एका यादीत तब्येतीच्या गोष्टी: सहा महिन्यांपर्यंत पाणी नाही, वर्षापर्यंत मध नाही, डोळ्यांत काजळ नाही, लस चुकवायची नाही. त्यांत मी मागे हटले नाही, आणि डॉक्टरांकडे त्यांनाच बरोबर नेलं, म्हणजे उत्तर माझ्या तोंडून आलं नाही. दुसऱ्या यादीत बाकी सगळं: तेल कुठलं, दृष्ट काढायची की नाही, टोपी घालायची की नाही. ते त्यांचं. माझ्या सासूबाईंनी दांडिया बाजारातल्या वाड्यात चुलत-सासवांच्या नजरेखाली तीन मुलं वाढवली, त्यांना कोणी कधी काही ठरवू दिलं नव्हतं. नातवाची दृष्ट काढताना त्यांचा चेहरा बघितला की माझं काही जात नाही असं वाटतं.

काही कारण नसताना रडू येतं, मुलावर हात उगारला जातो. मी वाईट आई आहे का?

नाही. हात उगारला गेला तर मुलाला सुरक्षित जागी ठेवून दुसऱ्या खोलीत जा, पाणी प्या, नंतर येऊन त्याला सांगा, "आई चुकली." मुलं हे समजतात.

पण बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. मला मुलीच्या वेळी हे झालं होतं. "सगळ्यांना होतं, विसर" असं मला पाच माणसांनी सांगितलं, आणि मी चार महिने वाया घालवले. औषधांनी आणि बोलण्याने मी बरी झाले. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास फुकट आहे. घरात मारहाण किंवा धाक असेल तर गुजरातमध्ये १८१, अभयम. हे दोन नंबर फोनमध्ये साध्या नावाने साठवून ठेवा.

दिवसभर मोठ्या माणसाशी बोलणंच होत नाही. इथे ओळखी कशा करायच्या?

जुन्या पोळांमध्ये, म्हणजे गल्लीतल्या जुन्या वस्त्यांमध्ये, ओटले होते, भाजी निवडताना चार जणी आपोआप भेटायच्या. फ्लॅटमध्ये ते ठरवून करावं लागतं. मी सुरुवात केली ती कचरा-पोता करायला येणाऱ्या बेनपासून. तिने सांगितलं, समोरच्या इमारतीत एक मराठी भाभी आहे, तिचंही बाळ रात्री रडतं. मी वाटीभर लाडू घेऊन दार वाजवलं. आज धाकट्याला ताप असला तर मोठीला शाळेतून तीच आणते.

आणि सयाजीबाग आहे. १८७९ पासून हे शहर आपली मुलं तिथे नेतंय. पाऊस असेल तर आतल्या संग्रहालयात जा. तिथे देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे, १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेला, सत्तर फुटांच्या आसपास. धाकटा त्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळतो आणि दर वेळी विचारतो, "याची आई कुठे?" पाऊस नसेल तर आम्ही चौघी-पाच जणी संध्याकाळी फुलांच्या घड्याळापाशी असतो, मराठी आणि गुजराती दोन्ही. कोणाकडे तरी जास्तीचा खाखरा असतो, कोणाकडे जास्तीची चड्डी. ओळख नसली तरी येऊन बसा.